खुनी चाळिसाव्या पानावरच कळला तर?

सांगलीत आम्ही ज्या वाचनालयाचे सभासद आहोत, तिथल्या रहस्यकथांच्या कपाटात कुणी एक दुष्ट वाचक वावरून गेलाय. पुठ्ठ्याचं बाइंडिंग केलेलं पुस्तक मोठ्या हौसेने घरी आणावं, तर चाळिसाव्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं असतं, 'खुनी मेव्हणा नं. २'. झालं! उरलेली दीडशे पानं म्हणजे गार चहा.

याच माणसाने एका हेरकादंबरीतही पेन्सिल चालवलीय. अक्षर तेच, 'न'ची गाठही तीच. पण तिथे त्याने काहीच फोडलेलं नाही. नायिका रात्री स्वयंपाकघरात नवऱ्याला आपलं खरं नाव सांगायला तोंड उघडते, त्या ओळीशेजारी फक्त एवढंच: 'अगं, नको ना सांगू!'

घोळ मुळात आपल्या शब्दातच आहे. चोर शोधणारा खासगी डिटेक्टिव्हही मराठीत गुप्तहेर आणि खोट्या नावाने परदेशात राहणाराही गुप्तहेरच. माझी आत्या काउंटरवर म्हणते, "गुप्तहेराचं द्या ओ एखादं, जरा प्रेमप्रकरण असलेलं." ग्रंथपालबाई विचारतात, "कुठला देऊ काकू? पकडणारा का सापडणारा?"

यापेक्षा नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही. पेपरात येणारा एलसीबीचा, म्हणजे पोलिसांच्या स्थानिक गुन्हे शाखेचा, माणूस आरोपीला कोर्टात उभा करतो. १९६८ साली स्थापन झालेल्या रॉचा, म्हणजे परदेशात हेरगिरी करणाऱ्या आपल्या खात्याचा, माणूस कोर्टाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. पहिल्याचं काम खोटं उघडं पाडायचं, दुसऱ्याचं खोटं शेवटपर्यंत निभवायचं. शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक या दुसऱ्या प्रकारातले. त्यांची समाधी आपल्याच जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर आहे. त्यांच्या वेषांतराच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो, पण घरी ते कसे होते, कुणावर रुसायचे, हे त्या गोष्टींत कुठेच नसतं.

आता आत्याच्या प्रेमप्रकरणाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. रहस्यकथेत प्रेम हा पुरावा असतो. कपाटाच्या तळाशी पत्रांचा गठ्ठा सापडतो, त्यावरून खुनाचं कारण उलगडतं आणि प्रेमाचं काम संपतं. हेरकथेत प्रेम हे हत्यार असतं आणि ते चालवणाराच त्याने कापला जाण्याची भीती असते. 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकात चंद्रगुप्तासाठी पाठवलेली विषकन्या चाणक्य पर्वतक या मित्रराजाकडे वळवतो. तिला काय वाटलं, हे नाटक विचारत नाही. आजची हेरकादंबरी नेमकं तेच विचारते: समोरचा माणूस तिला खरोखरच आवडला तर?

खऱ्या आयुष्यात याचं उत्तर भयंकर निघालंय. पश्चिम जर्मनीच्या परराष्ट्र खात्यात लिओनोर नावाची सेक्रेटरी होती. १९६० साली हाइन्झ झ्युटरलिनने तिच्याशी लग्न केलं. तो केजीबीचा, म्हणजे सोव्हिएत हेरखात्याचा, माणूस होता. ती ऑफिसातले कागद घरी आणायची, तो त्यांचे फोटो काढायचा. १९६७ मध्ये दोघं पकडले गेले. नवऱ्याने लग्न हुकमावरून केलं होतं, हे तिला चौकशीत समजलं आणि तिने कोठडीत गळफास घेतला. इथे 'खुनी कोण' असं समासात लिहून काय उपयोग? नवरा हेर आहे हे पहिल्याच पानावर सांगितलं, तरी ती कागद घेऊन घरी निघाली की आपला जीव खालीवर होणारच.

दोन्हींची सरमिसळ असलेली पुस्तकंही असतात. हेरखात्यातलाच फितूर शोधायचा असेल, तर ती कोट घातलेली रहस्यकथाच. तिथे पेन्सिलवाला पुन्हा घात करू शकतो.

आपल्याकडच्या वाचकाला हेरकथेतलं चोरटं प्रेम इतकं जवळचं का वाटतं, याबद्दल माझा एक तर्क आहे. आयर्विन पुलावर स्कूटर लावून दोघं दहा मिनिटं बोलत उभी राहिली, तर दिवेलागणीच्या आत बातमी घरी पोचते. 'मैत्रिणीकडे नोट्स आणायला चाललेय' हे बनावट कारण आणि मोबाइलमध्ये 'गॅसवाला' म्हणून सेव्ह केलेला नंबर हे टोपणनाव. परक्या देशात पकडलं जाण्याची धास्ती काय असते, ते इथे प्रेमात पडलेल्या कुणालाही वेगळं समजावून सांगावं लागत नाही. रहस्यकथेतला खून मात्र, देवाच्या दयेने, बहुतेकांच्या अनुभवाबाहेरचा असतो.

आत्याने शेवटी ती हेरकादंबरीच नेली. एरवी ती शेवटचं पान आधी वाचते, तसं याही वेळी वाचलं आणि तरीही पुस्तक चार दिवस सोडलं नाही. परत करायला मीच गेले होते. जाता जाता ते पान उघडून बघितलं. 'अगं, नको ना सांगू!'च्या खाली निळ्या बॉलपेनने, आत्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'सांगितलंस ते बरं केलंस.'