चेहऱ्याची कोरडी त्वचा

चेहऱ्याच्या त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरातले पाणी कमी झाल्याने ती खरखरीत होणे, ओढल्यासारखी वाटणे आणि तिच्यावर पांढुरका कोंडा दिसणे. वैद्यकात याला झेरोसिस म्हणतात. बोलताना गाल उलले, तोंड फुटलं, चेहरा तडतडतोय असेच म्हटले जाते. बहुतेकदा हा आजार नसतो, पण हयगय झाली तर खाज, चिरा आणि इसब इथवर मजल जाते. थंडीत, साठीपुढच्या माणसांत आणि लहान मुलांच्या गालांवर हा त्रास जास्त. कपाळावर आणि नाकावर तैलग्रंथी दाट असतात, त्यामुळे तिथे तेलकटपणा आणि गालांवर, ओठांच्या कडेला, पापण्यांवर कोरडेपणा असा प्रकार एकाच चेहऱ्यावर सर्रास आढळतो.

त्वचेत पाणी कसे टिकते : बाहेरचा थर, म्हणजे शृंगस्तर, जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतका जाड असतो. त्यात मेलेल्या चपट्या पेशींचे पंधरा-वीस पापुद्रे असतात. पेशींमधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले या स्निग्ध पदार्थांनी बुजलेल्या असतात, तर पेशींच्या आत अमिनो आम्ले, युरिया असे पाणी धरून ठेवणारे घटक असतात. खालच्या थरांतले पाणी सतत वर झिरपत असते आणि हवेत उडत असते. शृंगस्तरातले पाणी साधारण १० टक्क्यांच्या खाली गेले की तो कडक होतो. मेलेल्या पेशी एरवी नकळत गळतात. त्या सोडवणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) पाणी पुरले नाही तर त्यांचे पुंजकेच्या पुंजके निघतात. कोंडा म्हणून दिसतो तो हाच. तो खरखरीत टॉवेलने किंवा स्क्रबने घासून काढला तर तासभर चेहरा गुळगुळीत लागतो, पण खालचा थर उघडा पडल्याने दुसऱ्या दिवशी कोंडा वाढलेलाच असतो.

कोरडेपणा म्हणजे तेलाची कमतरता, हा समज जुना आहे. अमेरिकी संशोधक अर्विन ब्लँक यांनी १९५२ मध्ये घट्ट्यांच्या कातडीचे वाळलेले तुकडे घेऊन तो तपासून पाहिला. तेलात ठेवलेले तुकडे कडकच राहिले, पाणी मिळालेले मऊ पडले. तेलाचा उपयोग आहे, पण तो आत असलेले पाणी उडू न देण्यापुरता. चेहऱ्याची निगा कशी राखावी याची बहुतेक उत्तरे या एका प्रयोगात मिळतात.

कारणे : काही माणसांची त्वचा जन्मतःच कोरडी असते. शृंगस्तर घडवणाऱ्या फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष हे त्याचे एक मोठे कारण असल्याचे २००६ मध्ये स्पष्ट झाले. अशांच्या तळहातावरच्या रेषा पुष्कळदा नेहमीपेक्षा दाट आणि ठळक असतात, आणि घरात कुणाला ना कुणाला इसब किंवा दमा असतो. वय वाढते तसे त्वचेतले स्निग्ध पदार्थ घटतात. स्त्रियांमध्ये पाळी गेल्यावर हा बदल लवकर जाणवतो. थायरॉइडचे काम मंदावणे, मूत्रपिंडाचे विकार, मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी यांनीही चेहरा कोरडा पडतो. या गोळीने तर जवळजवळ प्रत्येकाचे ओठ फुटतात.

हवेचा वाटा मोठा आहे. नाशिक किंवा विदर्भातली डिसेंबर-जानेवारीची कोरडी थंडी सगळ्यांच्या ओळखीची आहे, पण विदर्भात एप्रिल-मेच्या झळांनीही गाल तितकेच तडतडतात. तिथला वाळ्याचा कूलर हवेत ओलावा सोडतो, एसी उलट तो काढून घेतो. म्हणूनच दमट मुंबईत राहून दिवसभर एसीत बसणाऱ्याला नागपूरकरासारखीच तक्रार करावी लागते.

तरी सर्वांत जास्त नुकसान होते ते धुण्याने. त्वचेचा सामू (पीएच) ४.५ ते ५.५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. साबण मळासोबत फटींमधले स्निग्ध पदार्थही नेतो. बोअरच्या जड पाण्यात त्याचा फेस होत नाही, माणूस आणखी साबण लावतो, आणि पाण्यातल्या कॅल्शियमबरोबर त्याचा साका होऊन तो त्वचेवर बसतो. साबणाच्या वेष्टनावर टीएफएम म्हणजे एकूण मेदद्रव्याचा आकडा असतो. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या साबणात ते किमान ७६ टक्के लागते. हा आकडा मोठा असला की साबण सौम्य, असे दुकानदार ठासून सांगतात. प्रत्यक्षात पहिल्या प्रतीचा साबणही अल्कधर्मीच असतो. चेहऱ्यासाठी सिंडेट प्रकारची, म्हणजे साबणाऐवजी कृत्रिम शुद्धिकारकांची वडी किंवा फेस न होणारे क्लिन्झर बरे, कारण त्यांचा सामू त्वचेच्या जवळपास ठेवता येतो.

निगा : चेहरा दिवसातून दोनदा, कोमट पाण्याने धुणे पुरते. सकाळी नुसत्या पाण्यानेही भागते. न घासता टिपून घ्यावा आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावावे. पूर्ण वाळल्यावर लावले तर टिकवायला पाणीच उरलेले नसते.

मॉइश्चरायझरमध्ये तीन तऱ्हेचे घटक असतात. ग्लिसरीन, युरिया, हायल्युरॉनिक आम्ल हे पाणी खेचून धरतात. सेरामाइड आणि वनस्पतिजन्य तेले पेशींमधल्या फटी भरतात. पेट्रोलियम जेली वरून झाकण घालते. या झाकणाच्या बाबतीत पेट्रोलियम जेलीच्या जवळपास जाणारा दुसरा पदार्थ नाही. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये तिचे पेटंट घेतले, आणि आजही पापण्या व ओठांसाठी त्वचारोगतज्ज्ञ तीच सुचवतात. तिने चेहरा काळा पडतो, ही समजूत निराधार आहे. मात्र मुरुमे येत असतील तर जेली सगळ्या चेहऱ्याला न फासता हलके क्रीम वापरावे. ग्लिसरीन आणि गुलाबपाणी हे आजीच्या कपाटातले मिश्रण शास्त्राला धरून आहे, फक्त ग्लिसरीन पातळ करून घ्यावे आणि कोरड्या हवेत त्यावर स्निग्ध थर द्यावा. रेटिनॉल किंवा मुरुमांचे औषध चालू असेल तर ते एक दिवसाआड लावण्याने कोरडेपणा आटोक्यात राहतो. भरपूर पाणी प्यायल्याने चेहरा तुकतुकीत होतो असे सांगितले जाते, पण पुरेसे पाणी पिणाऱ्याने आणखी पिऊन कोरडेपणा जातो याला भक्कम पुरावा नाही.

घरगुती उपायांपैकी मुलतानी माती, लिंबू, बेकिंग सोडा हे कोरड्या चेहऱ्याचे वैरी समजावेत. डाळीचे पीठ तेल शोषते, त्यामुळे ते साबणासारखेच वागते. सायीत कालवले तर तेवढे बोचत नाही. दिवाळीच्या अभ्यंगात आधी तेल मुरवून मग उटणे लावतात, तो क्रम विचारपूर्वक ठरलेला दिसतो. हल्ली तेलाला फाटा देऊन नुसते उटणे चोळले जाते आणि मग पाडव्याला गालांची आग होते.

तेलांतही फरक आहे. खोबरेल कोरड्या त्वचेला मानवते. मोहरीचे तेल आणि ऑलिव्ह तेल शृंगस्तराचे संरक्षण कमकुवत करतात असे प्रयोगांत दिसले आहे. ऑलिव्हमध्ये भरपूर असलेले ओलेइक आम्ल त्याला जबाबदार धरतात. महागडी बाटली म्हणून ऑलिव्ह तेल बाळाच्या गालाला चोळण्यात शहाणपण नाही.

कोकणात आणि गोव्यात यासाठी कोकमतेल, म्हणजेच भिरंडेल, वापरतात. कोकमाच्या बिया वाळवून, फोडून आतला गर वाटतात आणि पाण्यात उकळतात. वर तरंगणारा मेद काढून घेतला की तो थिजतो. मग त्याचे हातात मावतील असे गोळे वळतात. गोळा फिकट पिवळसर, खोलीच्या तापमानाला दगडासारखा घट्ट, पण अंगाच्या उबेने बोटाखाली हळूहळू विरघळतो. स्टिअरिक आम्लाचे प्रमाण जास्त असल्याने त्याचा थर टिकतो. फुटलेल्या ओठांवर आणि टाचांच्या भेगांवर तो सरळ लावतात. चेहऱ्यावर लावायचा तर चमच्यात कोमट करून त्यात थोडे खोबरेल मिसळावे, नाहीतर तो ओढतो.

कोरडेपणासारखे दिसणारे विकार : नाकपुड्यांच्या कडेला आणि भुवयांत तेलकट, पिवळसर खपली धरत असेल तर ते बहुधा सेबोऱ्हिक डर्माटायटिस असते. मॅलॅसेझिया हे किण्व (यीस्ट) त्याला कारणीभूत ठरते, आणि तेल लावल्याने ते वाढते. लहान मुलांच्या गालांवरचे फिकट, किंचित खरबरीत चट्टे दिसले की घरातले थोरले लगेच ‘जंत झाले’ किंवा ‘कॅल्शियम कमी पडलं’ असे निदान करतात. दोन्हींचा संबंध नाही. पिटिरिअॅसिस अल्बा नावाचा हा इसबाचा सौम्य प्रकार आहे. मॉइश्चरायझर नियमित लावले आणि उन्हापासून गाल जपले की चट्टे काही महिन्यांत मावळतात.

भारतात आणखी एका प्रकाराची भर पडली आहे. गोरेपणासाठी किंवा खाजेसाठी औषधाच्या दुकानातून आणलेली स्टेरॉइडयुक्त मलमे महिनोन्महिने चेहऱ्याला लावली जातात. पहिल्या आठवड्यात चेहरा छान दिसतो. पुढे कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, आणि मलम थांबवले की आग, लाली व कोरडेपणा उसळून येतो, म्हणून माणूस पुन्हा तेच मलम लावतो. सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइडे अनुसूची ‘एच’मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, विक्री तरीही होते. अशा चेहऱ्याला नवे क्रीम शोधण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावे आणि वापरलेल्या मलमाची रिकामी ट्यूब सोबत घ्यावी. स्टेरॉइड किती तीव्रतेचे होते हे तिच्यावरूनच कळते, आणि ते एकदम थांबवायचे की हळूहळू, हे त्यावर ठरते.