हीलियम-३ मधील स्पिन विसरण

स्पिन म्हणजे कणाची अंगभूत फिरकी; तिच्यामुळे कण इवल्या चुंबकासारखा वागतो. द्रवाच्या एका भागात 'वर' स्पिनचे आणि लगतच्या भागात 'खाली' स्पिनचे कण जास्त असतील, तर कणांच्या भटकंतीने हा फरक पुसला जातो. यालाच स्पिन विसरण म्हणतात. द्रव हीलियम-३ हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. याच्या अणुकेंद्राचा स्पिन १/२ असून साध्या दाबाखाली हा द्रव कितीही थंड केला तरी गोठत नाही.

एरवी द्रव थंड होताना विसरण मंदावते. येथे काही दशांश केल्विनखाली उलटे घडते. टक्कर झाल्यावर दोन्ही कणांना रिकामी अवस्था मिळावी लागते, आणि पाउली यांच्या विवर्जन तत्त्वामुळे (एका अवस्थेत असा एकच कण राहू शकतो) अशा अवस्था फेर्मी पृष्ठालगतच्या, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थांच्या सीमेलगतच्या, अरुंद पट्ट्यातच उरतात. तापमान उतरते तसा हा पट्टा आक्रसतो; तापमान निम्मे केले की टकरी चौपटीने विरळ होतात आणि कण अडथळ्याविना दूरवर भटकतात. म्हणून पुरेशा कमी तापमानाला विसरण गुणांक (विसरणाच्या वेगाचे माप) तापमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. अशा कणांच्या द्रवाचे वर्णन करणाऱ्या, लांदाऊ यांच्या फेर्मी द्रव सिद्धांताची ही ठळक खूण आहे.

मोजमापासाठी स्पिन प्रतिध्वनीची पद्धत वापरतात. असमान चुंबकीय क्षेत्रात रेडिओ स्पंदाने स्पिन कलवायचे, थोड्या वेळाने दुसऱ्या स्पंदाने त्यांची कला (फिरण्यातील टप्पा) उलटवायची, की विखुरलेले स्पिन पुन्हा जुळून प्रतिध्वनीसारखा संकेत देतात. अणू दरम्यान जागचे हलले असतील तितका परतणारा संकेत क्षीण होतो.

खरी नवलाई मात्र अँथनी लेगेट आणि मायकल राइस यांनी १९६८ साली दाखवली. टकरी फार विरळ झाल्या की दोन टकरींच्या मधल्या काळात स्पिन प्रवाह इतर कणांच्या सामूहिक क्षेत्रात स्थानिक चुंबकनाभोवती (त्या जागच्या स्पिनांच्या एकत्रित चुंबकत्वाभोवती) फिरू लागतो. मग प्रवाह चुंबकनाच्या उताराच्या दिशेने सरळ न वाहता वळतो, परिणामी विसरण कमी होते. प्रतिध्वनीची कलाही सरकते आणि त्याचा ऱ्हास पहिल्या स्पंदाने स्पिन किती अंशांनी कलवले यावर अवलंबून राहतो. साध्या विसरणात असे घडूच शकत नाही, त्यामुळे हा परिणाम निःसंदिग्धपणे ओळखता येतो. कॉर्नेल विद्यापीठात १९७१ साली त्याचा प्रायोगिक पडताळा मिळाला.

सुमारे १ ते २.५ मिलिकेल्विनखाली, दाबानुसार, हीलियम-३ अतिप्रवाही होतो, म्हणजे घर्षणाविना वाहतो. तेथे चुंबकन विसरणाखेरीज ऊर्जा न गमावणाऱ्या स्पिन प्रवाहांनीही वाहून नेले जाते. मॉस्कोतील संशोधकांनी १९८० च्या दशकात अशा प्रवाहांच्या जोरावर संपूर्ण नमुन्याचे स्पिन एकाच कलेत फिरत राहिलेले पाहिले.

लिथियम-६ च्या अतिशीत वायूतही हा अभ्यास पुढे गेला. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील २०११ च्या प्रयोगात तीव्र आंतरक्रियेमुळे विरुद्ध स्पिनचे दोन ढग एकमेकांवर आदळून चक्क परत फिरले. तेथील विसरण गुणांकाची नीचतम किंमत प्लांक स्थिरांक (२π ने भागलेला) आणि अणूचे वस्तुमान यांच्या भागाकाराच्या काही पट भरली.