संयोजी ऊती

संयोजी ऊती (संयोजी ऊतक) : प्राण्यांच्या शरीरातील अवयवांना जोडणारी, आधार देणारी आणि त्यांच्यामधल्या पोकळ्या भरून काढणारी ऊती. भ्रूणाच्या मध्यस्तरापासून (तीन मूळ थरांपैकी मधल्या थरापासून) ती मुख्यत्वे तयार होते. अभिस्तर ऊतीत (शरीराचे व अवयवांचे पृष्ठभाग झाकणाऱ्या ऊतीत) पेशी एकमेकींना खेटून असतात. इथे त्या विरळ विखुरलेल्या असतात आणि त्यांनी स्वतःभोवती स्रवलेला आधारक हाच ऊतीचा मुख्य भाग ठरतो. हाड कठीण, कूर्चा (कुरकुरीत मऊ हाड) लवचिक आणि रक्त प्रवाही का, याचे उत्तर या आधारकातच आहे. चरबी मात्र अपवाद : तिच्यात जागा व्यापतात त्या मेदाने फुगलेल्या पेशीच.

आधारकात पाणी धरून ठेवणारा, जेलीसारखा पदार्थ असतो आणि त्यात तंतू पसरलेले असतात. इलॅस्टिन या लवचिक प्रथिनाचे तंतू ताणून सोडले की पूर्ववत होतात; महाधमनी आणि कानाची पाळी यांत ते भरपूर आढळतात. जाळीदार तंतू प्लीहा व लसीका ग्रंथींचा सांगाडा उभारतात. पण खरा भार वाहतो तो कोलॅजेन. शरीरातील एकूण प्रथिनांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश वाटा एकट्या कोलॅजेनचा. तीन पदरी वेणीसारखी त्याची रचना मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी 1954-55 मध्ये मांडली. तिन्ही पदर घट्ट बसावेत म्हणून प्रत्येक तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते. वेणी टिकाऊ होण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते दीर्घकाळ न मिळाल्यास हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत : हाच स्कर्व्ही. पायाचे सूप थंड झाल्यावर थिजते, तेही उकळून उलगडलेल्या कोलॅजेनमुळेच. त्यालाच जिलेटिन म्हणतात.

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या स्नायुरज्जूत हे तंतू ओढीच्या दिशेने समांतर रचलेले असतात, तर त्वचेच्या आतल्या थरात ते निरनिराळ्या दिशांना गुंतलेले असतात, कारण तिथे ताण कोणत्याही बाजूने येऊ शकतो. अस्थिबंध हाडाला हाड बांधतात. हाडात कोलॅजेनवर कॅल्शियम फॉस्फेटचे क्षार बसतात. कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवले की क्षार विरघळतात आणि ते रबरासारखे वाकू लागते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण आसपासच्या द्रवातून झिरपूनच मिळते, त्यामुळे गुडघ्यातील झीज सहसा भरून येत नाही.

रक्ताला या कुळात बसवणे अनेक विद्यार्थ्यांना खटकते, आणि ते खटकणे रास्तही आहे : त्यात तंतू दिसतच नाहीत. वर्गीकरणाचा आधार त्याचा उगम आणि प्लाझ्मारूपी (रक्तातील द्रव भागाच्या रूपातला) आधारक हा आहे. शिवाय जखम झाली की प्लाझ्मात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे तंतू तयार होतात आणि त्यांच्या जाळ्यात रक्त गोठते.