एकाच नावाचे दोन हिचकॉकपट: १९३४ चा आणि १९५६ चा

अल्फ्रेड हिचकॉकचा 'द मॅन हू न्यू टू मच' पाहिलाय का, असं विचारलं की हिचकॉकचे चाहते लगेच हो म्हणतात. गोष्ट सांगायला लागले की मात्र गडबड होते. एकाला बर्फाचे डोंगर आठवतात, दुसऱ्याला मोरोक्कोतला बाजार. एक म्हणतो मुलगी पळवली होती, दुसरा म्हणतो मुलगा. दोघंही बरोबर असतात, कारण हिचकॉकने ही गोष्ट दोनदा केली, आधी १९३४ मध्ये ब्रिटनमध्ये आणि मग १९५६ मध्ये हॉलिवूडमध्ये. नाव तेच ठेवलं. पन्नासहून अधिक चित्रपट केलेल्या या दिग्दर्शकाने स्वतःच्या चित्रपटाचा रिमेक केला तो एवढा एकदाच.

माझ्या आवडत्या हिचकॉकपटांमध्ये हे दोन्ही आहेत. एक पाहिला म्हणजे दुसरा पाहिल्यासारखाच, असं लोक म्हणतात तेव्हा मला राहवत नाही. (पुढे दोन्ही चित्रपटांचे शेवट उघड होणार आहेत. पाहायचे राहिले असतील तर आधी पाहून घ्या.)

सांगाडा एकच आहे, हे खरं. एक सुखवस्तू कुटुंब परदेशात सुटीवर आलेलं आहे. तिथे लुई बर्नार्ड नावाच्या माणसाशी त्यांची ओळख होते. त्याचा खून होतो आणि मरता मरता तो लंडनमधल्या एका राजकीय हत्येच्या कटाचा धागा त्यांच्या हाती देऊन जातो. त्यांनी तोंड उघडू नये म्हणून त्यांचं मूल पळवलं जातं. मग लंडन, रॉयल अल्बर्ट हॉल, ऐन रंगात आलेली मैफल, पडद्याआडून डोकावणारी पिस्तुलाची नळी आणि आईची किंकाळी. लुई बर्नार्ड हे नावसुद्धा दोन्हीकडे तेच. मैफलीत वाजणारी आर्थर बेंजामिनची 'स्टॉर्म क्लाउड्स' ही रचना तीच. मूळ कथेचं श्रेयही दोन्हीकडे चार्ल्स बेनेट आणि डी. बी. विंडम लुईस यांनाच.

वरवरच्या खुणा चटकन सांगून टाकतो. १९३४ चा चित्रपट कृष्णधवल, सव्वा तासाचा, गोमाँ-ब्रिटिश या कंपनीचा. सुरुवात स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या बर्फात. कुटुंब इंग्रज: बॉब आणि जिल लॉरेन्स (लेस्ली बँक्स, एडना बेस्ट) आणि त्यांची मुलगी बेटी. १९५६ चा रंगीत, दोन तासांचा, पॅरामाउंटचा. सुरुवात मोरोक्कोतल्या माराकेशच्या वाटेवरच्या बसमध्ये. कुटुंब अमेरिकन: डॉ. बेन मॅकेना आणि जो (जेम्स स्टुअर्ट, डोरिस डे) आणि त्यांचा मुलगा हँक. खलनायक म्हणून पीटर लॉरे दिसला तर तो पहिला, 'के सेरा सेरा' हे गाणं ऐकू आलं तर तो दुसरा. तेवढ्याने ओळख पटते, पण खरा फरक कळत नाही.

खरा फरक आईत आहे. दोन्ही चित्रपटांत मूल वाचतं ते आईमुळे, पण दोन्ही आयांच्या हातातलं साधन वेगळं आहे, आणि त्या एका बदलाने सगळा चित्रपट बदलतो.

१९३४ ची जिल नेमबाज आहे. सुरुवातीलाच तिची स्पर्धा होते, हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर बंदूक चालवायची. त्यात ती रामोन नावाच्या माणसाकडून हरते. आपण हसून पुढे जातो, कारण सुटीतला खेळच तो. नंतर कळतं की रामोन हाच मारेकरी. शेवटी पोलीस कटवाल्यांच्या अड्ड्याला वेढा घालतात. बेटी छपरावर पळते, रामोन तिच्या मागे. खाली पोलिसांचा नेमबाज बंदूक रोखून उभा आहे, पण त्याची गोळी चालत नाही. मुलीला लागली तर? त्याच्या हातातली बंदूक जिल घेते आणि एका गोळीत रामोनला खाली पाडते. सुरुवातीच्या खेळाचं उट्टं असं निघतं. ज्या माणसाकडून ती हरली तोच माणूस समोर, आणि या वेळी शेजारी स्वतःची मुलगी. एवढ्या कमी शब्दांत एवढा नेमका बांधलेला शेवट हिचकॉकनेही फार वेळा केलेला नाही. मला तो दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटापेक्षा निःसंशय सरस वाटतो.

या वेढ्याच्या मागे लंडनमध्ये १९११ साली घडलेला सिडनी स्ट्रीटचा वेढा, म्हणजे घरात दडलेल्या सशस्त्र गुन्हेगारांशी पोलिसांची झालेली चकमक आहे. त्या घटनेची आठवण इंग्लंडमध्ये नकोशी होती आणि पोलिसांच्या हातात सरसकट बंदुका दाखवायला सेन्सॉरची हरकत होती. म्हणून चित्रपटात बंदुका ऐन वेळी बंदूकवाल्याकडून मागवलेल्या दिसतात. अडचणीतून निघालेली ही वाट प्रसंगाला उलट खरेपणा देते. हे पोलीस लढाईला सरावलेले नाहीत, म्हणून नेमबाजाचा हात थबकणंही पटतं.

१९५६ ची जो बंदूक हातात धरत नाही. ती गायिका आहे. लंडन-न्यूयॉर्कच्या रंगमंचावर नाव मिळवलेली, आणि नवऱ्याच्या इंडियानापोलिसमधल्या दवाखान्यापायी रंगमंच सोडलेली. तिच्याकडे आवाज आहे. अल्बर्ट हॉलमध्ये त्या आवाजाची किंकाळी होते, आणि नंतर वकिलातीत त्याच आवाजाचं गाणं होतं. हँकला त्या इमारतीत कुठेतरी वर डांबून ठेवलंय. ती पियानोपाशी बसून 'के सेरा सेरा' गाते, पाहुण्यांना खटकेल इतक्या मोठ्याने, कारण गाणं पाहुण्यांसाठी नाहीच. माराकेशच्या हॉटेलात तिने हेच गाणं हँकबरोबर म्हटलेलं आपण ऐकलेलं असतं. कॅमेरा रिकाम्या जिन्यांवरून वर सरकत जातो, आवाज विरळ होत जातो, आणि बंद खोलीतून शीळ ऐकू येते. जे लिव्हिंग्स्टन आणि रे इव्हान्स यांच्या या गाण्याला ऑस्कर मिळालं आणि ते चित्रपटाबाहेरही अफाट गाजलं. ते नुसतं सुटं ऐकणाऱ्यांना त्याचं चित्रपटातलं काम कळणं शक्य नाही. तिथे ते आईने लेकराला घातलेली हाक आहे.

म्हणूनच दोन्ही चित्रपटांत अल्बर्ट हॉलच्या प्रसंगाचं वजन सारखं नाही. जिलची किंकाळी हा मधला टप्पा आहे. तिचं मुख्य काम पुढे छपराखाली व्हायचंय. जोची किंकाळी हा कळस आहे, कारण आवाज हेच तिचं सर्वस्व.

दोन्ही प्रसंग लागोपाठ पाहायला मिळाले तर जरूर पाहा. पहिल्यात जिल एकटी आहे. बॉब अड्ड्यावर कैदेत. रामोन सभागृहात येता येता तिच्या हातात बेटीची ब्रोच ठेवतो, एवढ्याने धमकी पोचते. ती बसते, संगीत चढत जातं, तिचे डोळे भरतात आणि पडदाच धूसर होतो. आपण तिच्या अश्रूंतून पाहू लागतो. पैशांची चणचण असल्यामुळे सभागृहातला बराचसा श्रोतृवर्ग खरा नव्हताच. फॉर्च्युनिनो मातानिया या चित्रकाराकडून माणसांनी भरलेलं सभागृह रंगवून घेतलं आणि शुफ्तान पद्धतीने, म्हणजे आरशाच्या साहाय्याने, चित्र आणि जिवंत माणसं एकाच चौकटीत बसवली. माहीत नसेल तर हे लक्षातही येत नाही.

दुसऱ्यात पैसा आहे, रंग आहेत, व्हिस्टाव्हिजनचा रुंद पडदा आहे आणि खरा अल्बर्ट हॉल आहे. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवतोय आणि संचालन करणारा गृहस्थ म्हणजे चित्रपटाचा संगीतकार बर्नार्ड हरमन स्वतः. त्याला इथे स्वतःची नवी रचना वापरता आली असती, पण त्याने बेंजामिनचीच ठेवली आणि वाढवून घेतली. जवळजवळ बारा मिनिटं पडद्यावर एकही संवाद ऐकू येत नाही. बेन पोलिसांशी हातवारे करून बोलतो, ओठ हलतात, शब्द मात्र संगीताखाली बुडालेले. कॅमेरा स्वरलिपीच्या पानावरून पुढे पुढे जातो. झांजवाला उठून उभा राहतो, झांजा हातात घेतो.

त्या झांजांवर सगळं तोललेलं आहे, आणि हिचकॉकने ते आपल्याला किती आधी सांगून ठेवलंय पाहा. श्रेयनामावली चालू असतानाच मागे वाद्यवृंद वाजत असतो, आणि झांजांचा एक आघात एका अमेरिकन कुटुंबाचं आयुष्य कसं हादरवून गेला, असं पडद्यावर लिहून येतं. पुढे कटवाले मारेकऱ्याला ध्वनिमुद्रिका लावून नेमकी जागा ऐकवतात, पुन्हा ऐकवतात. ते त्याला शिकवत नसतात, प्रेक्षकाला शिकवत असतात. सभागृहात बसलेल्या हजारो लोकांसाठी ती नुसती मैफल आहे. आपल्यासाठी मात्र प्रत्येक स्वर गोळीकडे नेणारा. अचानक दचकवणं आणि आधी सांगून ताटकळत ठेवणं यांतला फरक समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही. ध्वनिमुद्रिका ऐकवण्याची युक्ती १९३४ मध्येही आहे, पण तिथे ती ओझरती येते. बावीस वर्षांनी त्याला कळलं होतं की प्रेक्षकाला ती जागा पाठ झाली पाहिजे. सगळी मैफल गप्प बसून काढायची आणि एकच आघात करायचा, या झांजवाल्याची कल्पना त्याला एच. एम. बेटमनच्या व्यंगचित्रमालेवरून सुचली होती. त्यात एक वादक सकाळी उठतो, आवरतो, कार्यक्रमाला जातो, एकच स्वर वाजवतो आणि घरी परततो.

खलनायकांच्या बाबतीत मात्र पारडं पहिल्याकडे झुकतं. पीटर लॉरे १९३३ मध्ये नाझी जर्मनीतून बाहेर पडलेला, इंग्रजीत पहिल्यांदाच काम करणारा. त्याने रंगवलेला कटवाल्यांचा म्होरक्या ॲबट हसतो, लाघवी बोलतो, कपाळावर व्रण, केसांत पांढरी बट, आणि आपल्या साथीदारीण नर्सबद्दल खरीखुरी माया. वेढ्यात ती मरते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं जातं आणि क्षणभर आपल्याला या माणसाबद्दल वाईट वाटतं. दुसऱ्यातलं ड्रेटन दांपत्य वेगळ्या तऱ्हेने भीतिदायक आहे. शेजारच्या टेबलावर बसून गप्पा मारतील असे मध्यमवयीन, सभ्य दिसणारे लोक. त्यातल्या बाईला मुलाची दया येते, हा धागा चांगला आहे, पण लॉरेसारखं कुणी मनात रुतून बसत नाही.

दुसऱ्या चित्रपटाचं जे मोल पहिल्यात कुठेच सापडत नाही ते आहे संसार. जॉन मायकेल हेजने पटकथा लिहिताना नवरा-बायकोमधली कुरबुर जपून विणली आहे. लुई बर्नार्ड फार प्रश्न विचारतो हे जोला आधी खटकतं, बेन ते उडवून लावतो. मूल पळवल्याचं बेनला कळतं तेव्हा तो तिला लगेच सांगत नाही. आधी झोपेच्या गोळ्या घ्यायला लावतो आणि गुंगी चढू लागली की मग सांगतो. ती आक्रोश करते, उठू पाहते, आणि शरीर साथ देत नाही. बायकोला सावरण्याच्या नावाखाली तिचा आवाजच बंद करणारा नवरा! स्टुअर्टसारखा लाडका नट हे करताना पाहणं फार जड जातं. पुढे लंडनमध्ये बेन ॲम्ब्रोज चॅपेल नावाच्या माणसाचा पत्ता शोधत पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या कारखान्यात मारामारी करत बसतो. हे माणसाचं नाव नसून प्रार्थनास्थळाचं आहे, हे कळतं ते जोला. मग अल्बर्ट हॉलमध्ये जिचा आवाज एकदा गोळ्यांनी दाबला होता तीच किंचाळते. पहिल्यातले लॉरेन्स नवरा-बायको एकमेकांची थट्टा करणारे, हलकेफुलके. त्यांच्या नात्यात सुधारायचं काही नाही, आणि सव्वा तासात तेवढी जागाही नाही.

खुद्द हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफोला दिलेल्या मुलाखतीत निकाल देऊन ठेवलाय: पहिला हुशार हौशी माणसाचा, दुसरा व्यावसायिकाचा. हे वाक्य इतक्या वेळा पुढे केलं जातं की लोक पहिला चित्रपट न पाहताच बाजूला ठेवतात. मला हा निकाल अर्धाच मान्य आहे. अल्बर्ट हॉलपुरता तो शंभर टक्के खरा. पण दंतवैद्याच्या खुर्चीवरची झटापट, सूर्यपूजकांच्या प्रार्थनागृहात खुर्च्या फेकून झालेली मारामारी, नाचता नाचता लुई बर्नार्डला लागलेली गोळी, ही चपळाई दुसऱ्यात नाही. तिथे मोरोक्कोतला पहिला भाग रेंगाळतोही.

एक काळ तर असा होता की दुसराच पाहायला मिळत नव्हता. हिचकॉकने स्वतःकडे हक्क ठेवलेल्या पाच चित्रपटांपैकी तो एक. ते बरीच वर्षं प्रदर्शनाबाहेर राहिले आणि दिग्दर्शकाच्या मृत्यूनंतर १९८३-८४ च्या सुमारास परत आले. आता दोन्ही सहज मिळतात. पाहताना आधी १९३४ चा घ्या. त्याच्या जुनाट, अंधूक प्रती खूप फिरतात, त्या टाळून दुरुस्त केलेली प्रत शोधा, नाहीतर बर्फातली सुरुवात नुसती पांढरी दिसते आणि कॅमेऱ्याची करामत वाया जाते. १९५६ च्या वेळी श्रेयनामावली पुढे ढकलू नका. झांजवाला तिथेच पहिल्यांदा भेटतो.