एफसी पुणे सिटी: बालेवाडीतील पाच हंगामांची पार्श्वभूमी

ऑगस्ट 2019 मध्ये, इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा सहावा हंगाम जेमतेम दोन महिन्यांवर आलेला असताना, एफसी पुणे सिटी हा संघ स्पर्धेतून बाहेर पडल्याचे आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी हा नवा संघ खेळणार असल्याचे जाहीर झाले. संघ शेवटच्या क्रमांकावर राहिल्यामुळे बाहेर गेला नव्हता, कारण या स्पर्धेत पदावनतीची तरतूदच नव्हती. पाच हंगाम, एक उपांत्य फेरी आणि एका पाठोपाठ एक बदललेले प्रशिक्षक एवढ्या ऐवजावर हा संघ संपला. तो का संपला हे समजून घ्यायचे, तर तो कोणत्या जमिनीवर उभा राहिला होता हे पाहावे लागते, आणि त्यासाठी 2014 च्याही मागे जावे लागते.

पुण्यात राष्ट्रीय पातळीवरचा व्यावसायिक फुटबॉल खऱ्या अर्थाने आणला तो पुणे एफसीने. अशोक पिरामल समूहाने 2007 मध्ये हा क्लब स्थापन केला आणि दोनच वर्षांत तो द्वितीय श्रेणीतून बढती मिळवून आय-लीग या तेव्हाच्या देशातील सर्वोच्च लीगमध्ये पोहोचला. 2009-10 च्या पहिल्याच हंगामात तिसरा क्रमांक आणि 2012-13 मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग उपविजेतेपद, ही कामगिरी कोलकाता आणि गोव्याच्या जुन्या क्लबांनाही दखल घ्यायला लावणारी होती. उपविजेतेपदामुळे 2014 च्या एएफसी चषकात हा क्लब आशियाई पातळीवरही खेळला. पण माझ्या मते पुणे एफसीचे मोठे काम मामुर्डीच्या मैदानावर झाले. देशभरातून निवडलेल्या किशोरवयीन मुलांना निवास आणि प्रशिक्षण देणारी अकादमी या क्लबने उभी केली, आणि वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये तिचा दबदबा निर्माण झाला. मुंबईत महिंद्र युनायटेडने 2010 मध्ये आपला संघ बंद केल्यानंतर महाराष्ट्रात दीर्घ मुदतीचा विचार करणारे क्लब फारसे उरले नव्हते, त्यामुळे या अकादमीचे महत्त्व आणखी वाढले होते.

दरम्यान खेळाचे आर्थिक गणितच बदलू लागले होते. डिसेंबर 2010 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सबरोबर 15 वर्षांचा, 700 कोटी रुपयांचा करार केला. या कराराच्या आधारे 2013 मध्ये इंडियन सुपर लीगची घोषणा झाली. ही स्पर्धा क्लबांची नव्हती, तर शहरांच्या नावाने विकल्या गेलेल्या फ्रँचायझींची होती. मालकाने ठरावीक शुल्क भरायचे, लीगने त्याला त्या शहराचा हक्क द्यायचा, आणि बढती-पदावनतीचा प्रश्न उद्भवू द्यायचा नाही, अशी ही रचना होती. आय-लीगमधील क्लबांनी सुरुवातीला तिला विरोध केला. त्यांच्या दृष्टीने खेळाडू घडवण्याचा खर्च त्यांचा होता आणि प्रेक्षक, प्रसारण व प्रायोजक मात्र दुसरीकडे जाणार होते. हा आक्षेप पुढे किती रास्त ठरला हे पुण्याइतके स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्याच शहरात दिसले नसेल.

एप्रिल 2014 मध्ये फ्रँचायझींचे मालक जाहीर झाले, तेव्हा पुण्याचा हक्क वाधवान समूह आणि अभिनेता सलमान खान यांच्याकडे गेला. काही महिन्यांत सलमान खानच्या जागी हृतिक रोशन सहमालक म्हणून आला आणि इटलीतील फिओरेंतिना हा क्लब भागीदार झाला. शहरात सात वर्षांपासून मुळे धरत असलेला पुणे एफसी आणि नव्याने विकत घेतलेला एफसी पुणे सिटी यांची नावे एवढी सारखी होती की बातम्या वाचणाऱ्यालाही गोंधळ व्हावा, पण मालक, स्पर्धा आणि उद्दिष्ट या तिन्ही बाबतींत त्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. दोघांचे घरचे मैदान मात्र एकच होते. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल हे शहरातील या दर्जाच्या सामन्यांसाठी उपलब्ध असलेले एकमेव ठिकाण होते. अॅथलेटिक्सच्या धावपट्टीमुळे तिथे प्रेक्षक मैदानापासून दूर बसतो, आणि जुन्या पेठांपासून किंवा फुटबॉलचे खरे वेड असलेल्या लष्कर व खडकी भागापासून सामना पाहायला येणाऱ्याला शहर ओलांडून जावे लागते.

पहिल्या हंगामासाठी संघाने जाहिरातीला साजेशी नावे जमवली. जागतिक विजेत्या फ्रान्सच्या संघातील दाविद त्रेझेगे हा मार्की, म्हणजे संघाचा चेहरा म्हणून करारबद्ध केलेला, खेळाडू होता, ग्रीसचा कोस्तास कात्सुरानिस मध्यरक्षणात होता आणि इटलीचे फ्रांको कोलोम्बा प्रशिक्षक होते. दिल्लीतील पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, आणि त्यानंतर मुंबई सिटीने पुण्याचा 5-0 असा धुव्वा उडवला. त्या सामन्यात आंद्रे मोरित्झने केलेली हॅटट्रिक ही या स्पर्धेच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक ठरली. हंगामाअखेर पुणे सहाव्या स्थानी राहिले. 2015 मध्ये इंग्लंडचे माजी कर्णधार डेव्हिड प्लॅट प्रशिक्षक झाले, रोमानियाचा आद्रियान मुतू आणि तुर्कस्तानचा तुंजाय शानली संघात आले, पण क्रमांक आणखी एकाने घसरला. 2016 मध्ये कोलकात्याला पहिल्या हंगामाचे विजेतेपद मिळवून देणारे अंतोनियो हबास पुण्याने आपल्याकडे वळवले. त्या वर्षीचा मार्की खेळाडू म्हणून करारबद्ध केलेला आइसलँडचा आयदूर गुदयोनसन दुखापतीमुळे एकही सामना न खेळता बाहेर पडला आणि मोहम्मद सिसोकोला बोलवावे लागले. पुन्हा सहावा क्रमांक. या तीन वर्षांबद्दल अधिक लिहिण्यासारखे फार नाही. दर वर्षी नवा प्रशिक्षक, नवे परदेशी खेळाडू आणि दोन-अडीच महिन्यांत आटोपणारी स्पर्धा, या चक्रात संघाला स्वतःची अशी खेळण्याची पद्धत सापडणे अवघडच होते.

खरी गोष्ट घडत होती ती या फ्रँचायझीच्या आजूबाजूला. 2014-15 च्या आय-लीगसाठी महासंघाने कल्याणी समूहाला थेट प्रवेश दिला आणि भारत एफसी हा आणखी एक संघ पुण्यात उभा राहिला. त्यामुळे त्या वर्षभरात बालेवाडीत तीन वेगवेगळे व्यावसायिक संघ खेळले, आणि चौथा, डीएसके शिवाजीयन्स, वरच्या श्रेणीत येण्याच्या प्रयत्नात होता. एका मैदानाच्या शहराला चार संघ हे प्रमाण कुणाच्या नियोजनात बसत होते, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. भारत एफसी अकरा संघांत शेवटच्या क्रमांकावर राहिला, परंतु थेट प्रवेश मिळालेल्या संघाला पदावनतीपासून संरक्षण असल्यामुळे त्याच्याऐवजी दहाव्या क्रमांकावरील डेम्पो खाली गेला, ज्या क्लबने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. एवढे संरक्षण मिळालेल्या भारत एफसीने त्याच एका हंगामानंतर संघ बंद केला. त्याच वर्षी पुणे एफसीनेही गाशा गुंडाळला. प्रसारण, प्रायोजक आणि प्रेक्षक नव्या लीगकडे गेल्यानंतर आय-लीगचा क्लब चालवणे हा मालकांसाठी निव्वळ खर्चाचा व्यवहार उरला होता.

रिकाम्या झालेल्या जागेत 2015-16 साठी डीएसके शिवाजीयन्सला थेट प्रवेश देण्यात आला. लिव्हरपूलच्या सहकार्याने चालणारी अकादमी हे या संघाचे भूषण होते आणि पुणे एफसीला नावारूपाला आणणारे डेरिक परेरा त्याचे प्रशिक्षक झाले. मात्र दोन हंगामांनंतर, मूळ बांधकाम समूह आर्थिक संकटात सापडलेला असताना, हाही संघ आय-लीगमधून नाहीसा झाला. तीन उद्योगसमूह आणि तीन संघ, आणि तिन्हींचा शेवट मैदानावरच्या निकालाने नव्हे, तर मालकाच्या निर्णयाने वा परिस्थितीने झाला. एफसी पुणे सिटीच्या वाट्याला पुढे जे आले त्याची ही एका अर्थाने रंगीत तालीमच होती.

एवढ्या पडझडीत एक शहाणपणाचा निर्णय झाला आणि त्याचे श्रेय एफसी पुणे सिटीला द्यायला हवे. 2016 मध्ये या फ्रँचायझीने बंद पडलेल्या पुणे एफसीची अकादमी आपल्याकडे घेतली. मलप्पुरमहून पुण्याच्या अकादमीत आलेला आशिक कुरुनियन या मार्गाने वरच्या संघात पोहोचला. मधल्या काळात तो स्पेनमधील विलारेआलकडे प्रशिक्षणासाठी जाऊन आला, आणि जानेवारी 2019 मध्ये आशियाई चषकात भारताने थायलंडला 4-1 असे हरवले तेव्हा तो भारताच्या आघाडीच्या फळीत होता. गोलरक्षक विशाल कैथ हाही याच संघातून नावारूपाला आला. मोठ्या नावाच्या मार्की खेळाडूंवर झालेल्या खर्चाशी तुलना केली, तर या दोन तरुणांनी संघाला आणि देशाच्या फुटबॉलला दिलेला परतावा कितीतरी अधिक होता.

2017-18 मध्ये स्पर्धेचा कालावधी वाढला, संघ दहा झाले, आणि सर्बियाचे रांको पोपोविच प्रशिक्षक असताना पुण्याला पहिल्यांदाच संघासारखा संघ मिळाला. आदल्या वर्षी दिल्लीकडून सर्वाधिक गोल करणारा ब्राझीलचा मार्सेलिन्हो आणि उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो यांची जोडी जमली, अर्जुन कपूर सहमालक म्हणून आला, आणि साखळी फेरीत 30 गुणांसह चौथे स्थान मिळवून पुण्याने उपांत्य फेरी गाठली. समोर गुणतक्त्यात पहिला असलेला बेंगळुरू एफसी होता. 7 मार्च 2018 रोजी बालेवाडीतला पहिला सामना गोलशून्य बरोबरीत राहिला. चार दिवसांनी बेंगळुरूत सुनील छेत्रीने दोन गोल केल्यावर जोनातान लुकाच्या फ्री किकने पुण्याला थोडी आशा दाखवली, पण छेत्रीनेच तिसरा गोल करून 3-1 असा निकाल लावला. एफसी पुणे सिटीच्या इतिहासात अंतिम फेरीच्या सर्वांत जवळ गेलेला क्षण तो हाच.

त्यानंतर घसरण वेगाने झाली. पोपोविच गेले, स्पेनचे मिगेल आंखेल पोर्तुगाल आले आणि हंगामाच्या सुरुवातीच्या सामन्यांतच त्यांना निरोप देण्यात आला. प्रद्युम रेड्डी यांनी हंगामी सूत्रे सांभाळली आणि डिसेंबर 2018 मध्ये इंग्लंडचे फिल ब्राउन दाखल झाले. संघ सातव्या क्रमांकावर राहिला. याच काळात मैदानाबाहेर अधिक गंभीर गोष्टी घडत होत्या. सप्टेंबर 2018 मध्ये आयएलअँडएफएस या वित्तसंस्थेच्या थकबाकीमुळे गृहकर्ज देणाऱ्या कंपन्यांवरचा बाजाराचा विश्वास डळमळला आणि वाधवान कुटुंबाच्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचा समभाग कोसळला. 2019 च्या मध्यापर्यंत ही कंपनी देणी वेळेवर फेडू शकत नव्हती, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले. फुटबॉल संघ हा अशा समूहाच्या दृष्टीने सर्वांत आधी सोडण्याजोगा खर्च होता. तिकिटे आणि प्रसारणातून येणारे उत्पन्न खर्चाच्या मानाने तोकडे असल्यामुळे मालकाच्या खिशाशिवाय संघाला दुसरा आधार नव्हता, आणि समर्थकांना किंवा शहराला त्याच्या मालकीत कुठलाही वाटा नव्हता.

विजय मद्दुरी आणि वरुण त्रिपुरनेनी यांनी ती जागा घेतली आणि संघ हैदराबादला नेला. फिल ब्राउन प्रशिक्षकपदी कायम राहिले, मार्सेलिन्हो, आदिल खान, निखिल पुजारी असे अनेक खेळाडू तिकडे गेले. आशिक बेंगळुरूकडे आणि कैथ चेन्नईयिनकडे गेला. योगायोग असा की त्याच महिन्यात दिल्ली डायनामोज हा संघही भुवनेश्वरला हलून ओडिशा एफसी झाला, म्हणजे लीगच्या आठ मूळ शहरांपैकी दोन शहरे एकाच वेळी नकाशावरून पुसली गेली. हैदराबाद पहिल्या हंगामात शेवटच्या क्रमांकावर राहिले, परंतु मानोलो मार्केझ यांच्या मार्गदर्शनाखाली मार्च 2022 मध्ये केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून त्यांनी विजेतेपद पटकावले. पुण्याहून गेलेल्या जागेला चषक मिळाला तो असा, तिसऱ्या हंगामात आणि दुसऱ्या शहराच्या नावावर. पुढे हैदराबादलाही पैशांची चणचण भासू लागली, 2024 मध्ये बी. सी. जिंदाल समूहाने संघ ताब्यात घेतला, आणि 2025 मध्ये तो दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने खेळू लागला.