माकडिणींना लावलेली माणसाची मोजपट्टी

माणसाखेरीज इतर वानर-माकडांच्या जननमार्गातल्या सूक्ष्मजीवांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: त्यांच्यात लॅक्टोबॅसिलस (आम्ल तयार करणारे दंडाकृती जिवाणू) इतके कमी का? प्रश्नाची ही मांडणी आली माणसावरच्या संशोधनातून. १८९२ मध्ये एका जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने स्त्रियांच्या योनीस्रावातल्या आम्ल तयार करणाऱ्या दंडाकृती जिवाणूंचं वर्णन केलं. तेव्हापासून आम्लता म्हणजे आरोग्य, हे समीकरण रूढ झालं.

खरा घोळ १९९१ च्या गुणांकन पद्धतीपासून आहे. बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा समतोल बिघडण्याचा आजार. त्याच्या निदानासाठी योनीस्रावाच्या, ग्रॅम पद्धतीने (जिवाणू ओळखण्याच्या रंगप्रक्रियेने) रंगवलेल्या काचपट्टीला ० ते १० गुण द्यायचे. ७ किंवा जास्त म्हणजे आजार. लॅक्टोबॅसिलसची जांभळी काठी एकही दिसली नाही, की तिथेच ४ गुण चढतात. हीच पद्धत मॅकाक (प्रयोगांत वापरला जाणारा माकडांचा एक गट) माकडिणींना लावल्यावर लॅक्टोबॅसिलस नसलेली ठणठणीत मादीही ४ पासूनच मोजली जाते. त्यात बारीक आणि वाकड्या जिवाणूंची भर पडली, की कागदोपत्री आजारी. तरीही ही पद्धत वापरात राहिली, कारण मॅकाक हवे होते ते मुख्यतः एचआयव्हीसारख्या संसर्गाच्या प्रयोगांसाठी. तिथे माकडीण ही स्त्रीची बदली, तिच्या स्वतःच्या तब्येतीची चौकशी दुय्यम. २०११ च्या एका प्रयोगात तर जनुकीय बदल केलेले मानवी लॅक्टोबॅसिलस ऱ्हिसस या मॅकाक जातीच्या मादींच्या योनीमार्गात सोडले आणि विषाणूसंसर्ग ६३ टक्क्यांनी घटला. प्रयोग मोलाचा, यात वाद नाही. पण माकडिणीत काहीतरी ‘कमी’ आहे, हा समज त्याने पक्काच केला.

दरम्यान जनुकक्रम वाचण्याचं तंत्र आलं आणि ही मोजपट्टी माणसावरच डळमळली. २०११ मध्येच, कोणतीही तक्रार नसलेल्या ३९६ स्त्रियांच्या पाहणीत सुमारे एक चतुर्थांश जणींत लॅक्टोबॅसिलसचं वर्चस्व नव्हतं. २०१४ मध्ये केलेल्या तुलनेत प्रायमेटांच्या (माणूस, वानर, माकडं यांच्या गटाच्या) प्रत्येक जातीचा जिवाणूसंच वेगळा निघाला. २०१६ च्या संकलनानुसार स्त्रियांत लॅक्टोबॅसिलसचं प्रमाण ७० टक्क्यांहून जास्त, इतर सस्तन प्राण्यांत क्वचितच १ टक्क्याच्या वर. त्या प्राण्यांच्या योनीचा सामूही (pH, आम्लतेचं माप; जितका कमी तितकी आम्लता जास्त) ५.४ ते ७.८, म्हणजे स्त्रियांपेक्षा बराच कमी आम्लधर्मी. म्हणजे जगावेगळी माकडीण नाही, माणूस आहे. त्याचं कारण पिष्टमय आहारामुळे योनीत वाढलेलं ग्लायकोजेन असावं, असं एक गृहीतक आहे. ते सिद्ध झालेलं नाही.

नरांच्या जननमार्गातल्या सूक्ष्मजीवांबद्दलचं काम मात्र यातल्या कशाच्याच पासंगाला पुरत नाही.