संगीत नाटकाच्या मुळाशी : अण्णासाहेब किर्लोस्कर

नांदीचे ‘पंचतुंड नररुंडमालधर’ हे शब्द कानावर पडले की संगीत नाटकाचा रसिक सावरून बसतो. ही नांदी ‘संगीत शाकुंतल’ची. ती लिहिणारे बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर कवी होते, नाटककार होते आणि पदांच्या चाली निवडणारेही तेच होते. संगीत नाटककार म्हणून त्यांना जेमतेम पाच वर्षे मिळाली, हे लक्षात आले की त्यांच्या कामाचा खरा आवाका कळतो.

त्यांचा जन्म 1843 सालचा, गुर्लहोसूरचा. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. भाव्यांच्या पद्धतीत गाण्याचा भार सूत्रधारावर असे आणि पात्रे मुख्यतः हावभाव व भाषणे करत. अण्णासाहेब वाढले ते या नाटकांच्या काळात. गुर्लहोसूर कानडी मुलखातले असल्यामुळे कानडी पदांचे वळणही त्यांच्या कानात लहानपणापासून होते. पुढे बेळगावात शिक्षकी, ‘शांकरदिग्विजय’ हे गद्य नाटक आणि मग पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी. इथपर्यंत नाटक हा हौसेचाच भाग होता.

पुण्यात त्यांनी पारशी नाटक मंडळीचा ‘इंद्रसभा’ या गाण्यांनी भरलेल्या उर्दू नाटकाचा प्रयोग पाहिला आणि असे नाटक मराठीत का होऊ नये, या विचाराने त्यांना घेरले. त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ हाती घेतले आणि 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात पहिले चार अंक झाले. मोरोबा वाघोलीकरांचा दुष्यंत, बाळकोबा नाटेकरांचे गाणे, आणि पात्र आपल्या मनातले आपणच गात आहे हा अनुभव! सोकर बापूजी त्रिलोकेकरांनी तसा प्रयत्न आधी केला होता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण मराठी प्रेक्षकाला संगीत नाटकाचे वेड लावले ते किर्लोस्करांनीच.

त्यांच्या संगीताविषयी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आज आपण संगीतकार म्हणतो, तशा नव्या चाली बांधण्याचे काम ते फारसे करत नसत. साकी, दिंडी, कामदा, ओवी, अंजनीगीत असे पद्यप्रकार, लावणी, कानडी पदे, जे लोकांच्या ओठांवर होते तेच ते उचलत. छापील पदावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा उल्लेख असे. म्हणून काही जण त्यांना केवळ पद्यकार मानतात. मला हे अपुरे वाटते. कोणत्या प्रसंगाला कोणती चाल आणि त्या चालीत बोलण्याइतके सोपे मराठी कसे बसवायचे, हा निर्णय म्हणजेच संगीतरचना. ‘शाकुंतल’मध्ये पदांची फार गर्दी आहे, प्रेक्षक रात्र रात्र ऐकत, तरी आज वाचताना ती जाणवते.

‘सौभद्र’ या पुढच्या नाटकात हात कसलेला दिसतो. पहिले तीन अंक 18 नोव्हेंबर 1882 रोजी झाले, पूर्ण नाटक 1883 मध्ये. इथे भाषांतराचा आधार नव्हता. सुभद्राहरणाची कथा सगळ्यांना ठाऊक, शेवटही ठाऊक, तरीही कृष्णाच्या कारस्थानात प्रेक्षक गुंततो, कारण माणसे आपल्या घरातली वाटतात. रुसलेल्या रुक्मिणीला समजावणारे ‘नच सुंदरि करु कोपा’ ऐका: देव गातो आहे असे वाटतच नाही, नवरा बायकोची मनधरणी करतो आहे. बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा आणि त्यांचा चढा, तेजस्वी आवाज यांनी हे नाटक घराघरांत नेले.

‘रामराज्यवियोग’चे तीन अंक 1884 मध्ये रंगभूमीवर आले. पुढचे अंक लिहून झालेच नाहीत. 2 नोव्हेंबर 1885 रोजी, वयाच्या 42 व्या वर्षी, अण्णासाहेब गेले.

त्यांची किर्लोस्कर नाटक मंडळी मात्र टिकली. बेळगावात त्यांच्या हाताखाली शिकलेले गोविंद बल्लाळ देवल ‘शारदा’ घेऊन 1899 मध्ये याच मंडळीच्या रंगमंचावर आले, पदेही त्यांचीच. 1911 च्या ‘मानापमान’मध्ये मात्र पदे नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची आणि चाली गोविंदराव टेंब्यांच्या, अशी कामाची वाटणी झाली.